मांडवाची उंची आणि उताराचा हिशोब

गणेशोत्सवात मांडवाजवळ एखादा अपंग माणूस दिसला की कार्यकर्त्यांच्या तोंडी पहिले वाक्य ठरलेले असते: "काळजी करू नका, आम्ही उचलून नेतो." लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, आणि हातात कुबडी असते, त्यामुळे हे वाक्य मी आजवर अनेक मांडवांपुढे ऐकले आहे. ते म्हणणाऱ्या मुलांच्या भावनेविषयी मला कधी शंका आलेली नाही, कारण भर पावसात रात्री दोन वाजता ताडपत्री ओढायला धावणारी हीच मुले असतात आणि ती जे बोलतात ते मनापासून बोलतात. तरीही उचलून नेण्याला मी सोय मानत नाही. त्यासाठी ऐन गर्दीत चार धडधाकट माणसे मोकळी असावी लागतात. व्हीलचेअर नेमकी कुठे धरायची हे त्यांना ठाऊक नसले तर तिचे सुटे हात किंवा पाय ठेवण्याच्या पट्ट्या निखळून हातात येतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची इतकी जड असते की ती माणसासकट उचलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि अनोळखी पुरुषांनी काखेत हात घालून उचलावे हे कोणत्याही बाईला, ती देवाच्या दारात उभी असली तरी, रुचत नाही. सर्वांत मोठी अडचण यापेक्षा निराळी आहे. आपल्याला उचलावे लागणार हे ज्याला आधीच माहीत असते तो बहुधा घरातून निघतच नाही, आणि मग बैठकीत कोणीतरी शांतपणे सांगतो की आपल्याकडे अपंग फारसे येत नाहीत, तेव्हा एवढ्या खर्चाची गरज दिसत नाही.

पुण्यातील एका पेठेत, जेमतेम पंचवीस फुटी रस्त्यावर, आमचे मंडळ आहे. ते मानाच्या पाच गणपतींपैकी नाही, त्याच्यापुढे लांबच लांब रांग लागत नाही आणि त्याच्या देखाव्याची बातमी क्वचितच छापून येते. मी तेथे काही वर्षांपासून हिशोब पाहते. येथे जे लिहीत आहे ते अशा मध्यम आणि लहान मंडळांसाठी आहे, कारण गल्लीतील माणसाचा उत्सव खऱ्या अर्थाने त्यांच्याच मांडवात होतो. दगडूशेठ हलवाई गणपतीची किंवा लालबागची गर्दी हाताळणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळही त्यांच्याकडे असते. आमच्याकडे वर्गणी, थोड्या जाहिराती आणि मांडववाल्याशी असलेली जुनी ओळख एवढेच भांडवल आहे.

'आपल्याकडे अपंग येत नाहीत' या म्हणण्याला मी आकड्याने उत्तर देते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक आणि देशभरात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या वेळी कायद्याची यादी लहान होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, ज्यांत कंपवात (पार्किन्सन), स्वमग्नता (ऑटिझम), सिकलसेल आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार असे बाहेरून पटकन न दिसणारे प्रकारही आहेत. शिवाय गुडघे गेलेले आजोबा, पक्षाघातातून सावरत असलेल्या काकू, मधुमेहामुळे पाऊल गमावलेला दुकानदार यांतील अनेकांनी प्रमाणपत्रासाठी कधी अर्जच केलेला नसतो. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाल्यामुळे माझ्यासारखी कॅलिपरवाली पिढी आता ओसरत जाईल हे खरे आहे, परंतु मांडवात पायरीपाशी थांबणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी होईल असे मानण्याचे कारण नाही.

मांडव सोयीचा आहे की नाही हे पाहताना मी एकाच मापापासून सुरुवात करते. भाविक जिथे उभा राहून दर्शन घेतो ती फळी जमिनीपासून किती उंच आहे, हे ते माप. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक, म्हणजे अपंगांनाही सहज वावरता यावे यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उताराचे प्रमाण एकास बारा यापेक्षा तीव्र असू नये. म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. आमच्या भागात स्टेजची उंची सर्रास चार फूट धरली जाते. चार फुटांना अठ्ठेचाळीस फूट उतार लागतो, त्यात मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा आणि वर-खाली खुर्ची वळवण्यासाठी पाच-पाच फुटांची जागा मिळवली की लांबी साठ फुटांच्या पुढे जाते. आमचा संपूर्ण मांडवही तेवढा लांब नाही. मग व्यवहारात असे होते की आठ फुटांच्या दोन फळ्या पायऱ्यांवर टाकल्या जातात, त्यांच्यावर लाल कापड ठोकले जाते, आणि अहवालात 'दिव्यांगांसाठी रॅम्पची व्यवस्था' असे एक वाक्य छापले जाते. अशा एकास दोनच्या चढावर व्हीलचेअर मागे उलटते, आणि कुबडीवर चालणाऱ्याला तर त्या फळीपेक्षा पायरी बरी वाटते.

उताराची लांबी परवडत नसेल तर चढच कमी करावा, हा याचा सरळ उपाय आहे. स्टेज उंच का करतात, याची कारणे मी मांडववाल्याकडून आणि जुन्या कार्यकर्त्यांकडून समजून घेतली तेव्हा ती तीन निघाली. मूर्ती दुरून दिसावी, पावसाचे पाणी खालून वाहून जावे, आणि स्टेजखाली ढोल, झेंडे, प्रसादाची पातेली ठेवायला जागा मिळावी. पहिल्या कारणासाठी मूर्ती उंच असायला हवी. भाविकाने उंचावर चढण्याची त्यात काही आवश्यकता नाही. दुसऱ्यासाठी सहा इंच पुरतात, कारण गटाराकडे जाणारा रस्त्याचा उतार मोकळा राहिला की पाणी अडत नाही. तिसऱ्यासाठी शेजारच्या वाड्यातील एक रिकामा गाळा दहा दिवसांपुरता मिळाला. त्यानंतर मूर्तीचा चौथरा पूर्वीइतकाच उंच ठेवून दर्शनाची जागा सहा इंचांवर आणली, आणि उताराची लांबी अठ्ठेचाळीस फुटांवरून सहा फुटांवर आली. दागिन्यांच्या सुरक्षेसाठी चौथऱ्यापुढे कठडा घालावा लागला, तो पूर्वीही होताच. 'देवाच्या पायाशी डोके टेकता येत नाही' अशी तक्रार काही ज्येष्ठ मंडळींनी केली आणि ती मला रास्त वाटली, म्हणून पादुका खाली कठड्याशी, बसलेल्या माणसाच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवल्या. आता सगळेच तेथे डोके टेकतात.

हे सगळे मांडववाल्याशी बोलून ठरवायचे तर आषाढातच ठरवावे लागते, कारण एकदा वासे उभे राहिले आणि फळ्या ठोकल्या गेल्या की त्यानंतर जे होते ते ठिगळ असते. मांडववाल्याला 'दिव्यांगांसाठी काहीतरी करा' असे सांगून उपयोग नाही; त्याला मापे द्यावी लागतात. उताराची रुंदी चार फूट. दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची उभी पट्टी, म्हणजे खुर्चीचे पुढचे लहान चाक घसरून खाली जाणार नाही. दोन्ही बाजूंना कठडा, आणि तो नुसत्या बांबूचा असेल तर त्यावर घट्ट कापड, कारण कच्च्या बांबूची कुसळे तळहातात जातात. उतारावर आडव्या पट्ट्या ठोकू नयेत, हे विशेष आग्रहाने सांगावे लागते. डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्या कामगाराचा पाय घसरू नये म्हणून त्या ठोकण्याची जुनी सवय आहे, आणि ती कामगारापुरती योग्यच आहे, परंतु त्याच पट्ट्यांवर व्हीलचेअर प्रत्येक वेळी अडते. प्लायवूड पावसात निसरडे होते; त्यावर काथ्याची चटई चारही बाजूंनी खिळून बसवली तर चाकाला आणि कुबडीच्या रबरी बुटाला, दोघांनाही पकड मिळते. मांडवातील गालिचा मात्र अजिबात नसलेला बरा. तो सैल अंथरलेला असतो, त्याच्या सुरकुत्यांत कुबडी अडकते, आणि भाद्रपदातल्या दोन सरींनंतर तो पाणी धरून बसतो.

निसरड्या पायरीकडे मी इतक्या काटेकोरपणे पाहते याचे कारण केवळ अपंगांची सोय एवढेच नाही. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मरण पावले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना दुकाने, असे त्या जागेचे वर्णन तेव्हा सर्वत्र छापून आले होते. खुर्चीला लागणारी रुंद, सपाट, न घसरणारी आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोकळी निघणारी वाट हीच गर्दीतून माणसे बाहेर काढण्याची वाट असते. आमच्या बैठकीत अपंगांच्या नावाने जे मंजूर झाले नाही ते सुरक्षेच्या नावाने मंजूर झाले, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

चप्पल-बुटांचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर फारसे कोणी लिहीत नाही. कॅलिपर बहुधा बुटालाच जोडलेले असते; बूट काढायचा तर पट्टे सोडून संपूर्ण सांगाडा काढावा लागतो, आणि तो काढल्यावर मी उभीच राहू शकत नाही. कृत्रिम पाय वापरणाऱ्या अनेकांचा तोल बुटाच्या टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो. व्हीलचेअरची चाके तर रस्त्यावरूनच आलेली असतात. अशा वेळी दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला काय करावे ते कळत नाही, तो मागे वळून वडीलधाऱ्यांकडे पाहतो, आणि तेवढ्या वेळात आलेल्या माणसाला आपण काहीतरी विटाळ घेऊन आलो आहोत असे वाटू लागते. यावर मंडळाने आधीच निर्णय घेऊन तो सर्वांना सांगून ठेवावा. आमच्याकडे उताराच्या तोंडाशी ओले आणि कोरडे अशी दोन फडकी ठेवलेली असतात. चाके आणि बुटांचे तळवे पुसले जातात आणि माणूस आत जातो. आमच्या गुरुजींनी यावर शास्त्रार्थ केला नाही, उलट मांडव रस्त्यावरच आहे याची सर्वांना आठवण करून दिली.

रांगेविषयी थोडे बोलले पाहिजे. नागमोडी बॅरिकेडमध्ये व्हीलचेअर सरळ जाते आणि वळणावर अडकते, कारण तिला जागच्या जागी वळायला पाच फुटांचे वर्तुळ लागते आणि वळणावर आपण अडीच फूट ठेवलेले असतात. हाताने चालवण्याची तीनचाकी सायकल तर त्याहून रुंद आणि लांब असते. ती रांगेत शिरूच शकत नाही, आणि जिच्यावाचून तिच्या मालकाला पाऊलभरही सरकता येत नाही ती सायकल 'बाहेर लावा' असे त्याला सांगितले जाते. यावर मंडळे जो तोडगा काढतात तो म्हणजे व्हीआयपी दरवाजा. तो मला पसंत नाही. तेथून आत जायला ओळख लागते, तेथे उभा असलेला कार्यकर्ता नगरसेवक येणार म्हणून तासभर वाट बंद करतो, आणि आत गेलेल्याकडे रांगेतील लोक संशयाने पाहतात. त्याऐवजी रांगेचीच एक बाजू सरळ आणि चार फूट रुंद ठेवावी, तिच्या तोंडाशी स्पष्ट पाटी लावावी, आणि वाटेत दोन-तीन ठिकाणी बसायला खुर्च्या ठेवाव्यात. या वाटेवर प्रमाणपत्र मागू नये. हिमोफिलियाच्या किंवा कंपवाताच्या रुग्णाला चारचौघांत कार्ड काढून दाखवायला लावणे हा अपमान आहे, आणि त्या वाटेचा गैरफायदा घेणारे चार लोक आत शिरले तरी त्यांनी फार तर वीस मिनिटे वाचवलेली असतात.

अंध व्यक्तींसाठी मांडवाच्या आतल्यापेक्षा मांडवाच्या बाहेरची वाट जास्त धोक्याची असते. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते. कपाळाच्या उंचीवर पुढे आलेले बांबूचे टोक, छातीशी येणारा ताणाचा दोर किंवा लोंबणारी वायर ती सांगू शकत नाही. स्वागत कमानीचे खांब पदपथावर उभे केले जातात आणि ज्या पदपथांवर अंधांसाठी पिवळ्या उठावाच्या फरशा बसवलेल्या आहेत तेथे नेमके त्यांच्यावरच देणगीचे टेबल येते. बांबूंची टोके कापून त्यांवर फोम आणि रंगीत कापड गुंडाळणे, दोर सात फुटांच्या वर बांधणे आणि वायरी जमिनीवरून नेताना त्यांवर रबरी आच्छादन घालणे, हे एका संध्याकाळचे काम आहे. ते काम मांडववाला करत नाही. कार्यकर्त्यांनीच करावे लागते.

मूर्तीला हात लावता येत नाही, कारण तिची प्राणप्रतिष्ठा झालेली असते, आणि अंध भाविकालाही ते मान्य असते. आमच्या मूर्तिकाराने मोठ्या मूर्तीबरोबर तशाच घडणीची हातभर उंचीची शाडूची प्रतिकृती करून दिली आणि ती पूजेत न ठेवता बाहेर टेबलावर ठेवली. सोंड कोणत्या बाजूला वळली आहे, पाश आणि अंकुश कोणत्या हातांत आहेत, मोदक कुठे आहे, उंदीर कुठल्या पायाशी आहे, हे बोटांनी पाहता येते. लहान मुलांनी पहिल्याच दिवशी तिचा एक कान तोडला, तो चिकटवला. त्या टेबलाजवळ नीट बोलणारा एक स्वयंसेवक असतो आणि तो देखाव्याचे वर्णन करून सांगतो. त्याला एवढेच शिकवावे लागले की समोरच्याचा दंड पकडून ओढायचे नाही, आपले कोपर पुढे करायचे आणि पायरी आली की आधी सांगायचे.

कर्णबधिरांसाठी जिवंत देखाव्याच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे, आणि ती आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही याचे मला आश्चर्य वाटते. हे देखावे बहुतेक ठिकाणी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांवर चालतात आणि कलाकार केवळ ओठ हलवतात. म्हणजे संहिता लेखी स्वरूपात तयार असते आणि तिची वेळ सेकंदापर्यंत ठरलेली असते. तीच वाक्ये मोठ्या मराठी अक्षरांत बाजूच्या पडद्यावर दाखवणे हे एखाद्या महाविद्यालयीन मुलाचे दोन रात्रींचे काम आहे. अक्षरे आली की मागच्या बाजूला उभे असलेले, ज्यांना गर्दीच्या आवाजात काही ऐकू येत नाही असे शंभर जणही ती वाचतात. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांच्यासाठी दुभाषी हवा आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात हवे. त्याला उभे करताना त्याच्यावर प्रकाशझोत ठेवायला विसरू नये, कारण देखाव्याच्या वेळी बाकी सगळा अंधार असतो आणि अंधारात हलणारे हात कोणाला दिसणार?

आवाजाबद्दल लिहिताना मला संयम ठेवावा लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असायला हवेत, आणि राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. हे आकडे आमच्या पेठेत वाचून दाखवले तर लोक हसतात. स्वमग्न मुलांच्या पालकांना मात्र हसू येत नाही. त्यांतील काही कुटुंबे दहा दिवस गाव सोडून नातेवाइकांकडे जातात, म्हणजे उत्सव त्यांच्या दारात येतो आणि ते दार बंद करून निघून जातात. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला स्पीकरच्या भिंतीपुढे यंत्र काढून ठेवावे लागते आणि मग त्याला काहीच ऐकू येत नाही. वेगाने उघडझाप करणारे दिवे अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकतात. डोळ्यांना इजा करणाऱ्या लेझर झोतांवर पुण्यात पोलिसांनी अलीकडे मनाई आदेश काढले, त्याचे मी स्वागत केले. मंडळातील तरुणांनी केले नाही. आमच्यात तडजोड झाली ती एका वेळेवर. दुपारी तीन ते चार, जेव्हा गर्दी तशीही नसते, त्या तासात ध्वनिमुद्रित गाणी बंद, दिवे स्थिर आणि दर्शन सावकाश. ही वेळ आधीपासून फलकावर लिहिलेली असते. या तासाचा सर्वाधिक उपयोग स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना होतो, असे दिसून आले.

कोणाला काय हवे आहे हे कळायचे कसे, असा प्रश्न मला इतर मंडळांचे लोक विचारतात आणि त्यासाठी एखादे सर्वेक्षण, एखादी संस्था, एखादा अर्ज शोधू लागतात. आपल्याकडे याहून चांगले साधन आहे. मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीचे पावती पुस्तक घेऊन दरवर्षी प्रत्येक घराची पायरी चढतात. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते, कोणाचा मुलगा आवाजाला घाबरतो, हे त्यांना जनगणनेच्या प्रगणकापेक्षा अधिक ठाऊक असते. पावती फाडताना एवढाच प्रश्न विचारायचा की उत्सवाच्या दिवसांत तुम्हाला कशाची अडचण होते. आम्हाला मिळालेल्या उत्तरांत दर्शनापेक्षा रस्त्याचे उल्लेख जास्त होते. मांडव पंधरा दिवस आधी उभा राहतो आणि तेव्हापासून रिक्षा दारापर्यंत येत नाही. साइड व्हील लावलेल्या स्कूटीवर कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याची स्कूटी दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागते, आणि तेथून घरापर्यंत यायला त्याच्याकडे तीच स्कूटी असते. त्याच्यासाठी मांडवामागे एक जागा रंगाने आखून ठेवली. ती रोज कोणीतरी बळकावतो आणि रोज कोणीतरी ती रिकामी करवतो.

फिरत्या शौचालयांबद्दल एकच सांगते: ती गाडीवर बसवलेली असतात आणि त्यांना तीन-चार उंच, अरुंद पायऱ्या असतात. त्यामुळे अपंग बायका उत्सवाला येण्याआधी दुपारपासून पाणी पिणे बंद करतात. जवळची शाळा, दवाखाना किंवा वाडा यांच्यापैकी कोणाचे तळमजल्यावरचे स्वच्छतागृह संध्याकाळी उघडे ठेवता आले तर ते आधी ठरवून त्याची दिशा दाखवणारी पाटी लावावी.

कायद्याचा आधार आहे आणि तो ठाऊक असलेला बरा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सार्वजनिक सुविधा आणि सेवांची जी व्याख्या आहे तिच्यात धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीच्या सेवा स्पष्टपणे समाविष्ट आहेत, आणि कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क जपण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्था यांच्यावर टाकलेली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी अंधांच्या सुगम्यतेसाठी राजीव रतुरी यांनी दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी जुळत नाही आणि केंद्राने बंधनकारक नियम करावेत. २०२५ मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मांडवाच्या परवानगीच्या अर्जात लांबी, रुंदी आणि उंची विचारतातच. तेथे दर्शनाच्या जागेची उंची आणि उताराची लांबी असे दोन रकाने वाढवायला कोणाची हरकत असावी? देखावा स्पर्धांचे आयोजक परीक्षणात या गोष्टीला दहा गुण ठेवतील तर त्याचा परिणाम अर्जापेक्षाही लवकर दिसेल. मंडळांना मी चांगली ओळखते; बक्षिसासाठी ती काहीही करतील.

मला सर्वांत अधिक टोचते ती दहा दिवसांतली एक 'दिव्यांगांच्या हस्ते आरती'. त्या संध्याकाळी एखाद्या संस्थेतील मुलांना गाडीत घालून आणतात, त्यांच्या हातात तबक देतात, छायाचित्रे काढतात, वह्या वाटतात आणि परत पाठवतात. मुलांना गंमत वाटते, त्यामुळे ते बंद करा असे मी म्हणत नाही. मात्र त्याच मंडळाच्या कार्यकारिणीत, ढोल पथकात, प्रसादाच्या टेबलावर, वर्गणीच्या फेरीत अपंग माणूस का नसतो, हे विचारले की उत्तर येत नाही. ताशा वाजवायला पाय लागत नाहीत. महाप्रसादाच्या पंगतीत जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी एका बाजूला टेबल-खुर्च्या मांडल्या की तीच मंडळी वाढपाचा हिशोबही सांभाळू शकतात. माझ्याकडे वह्या-पावत्या आल्या त्या दयेने नव्हे तर आधीच्या खजिनदारांचे हिशोब जुळत नव्हते म्हणून, आणि मांडवाच्या उंचीवर माझे म्हणणे ऐकले गेले ते खर्चाच्या पावत्या माझ्या सहीने निघतात म्हणून.

विसर्जन मिरवणुकीचे काय करायचे हे आम्हाला अद्याप उमगलेले नाही. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते, लक्ष्मी रस्त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्यांची तोंडे बॅरिकेडने बंद असतात, आणि ज्याची गाडी हेच त्याचे पाय आहेत त्याला त्या दिवशी पेठेबाहेर जाता येत नाही आणि आतही येता येत नाही. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या पातळीवर, कठडा घातलेली आणि मागच्या बाजूने मोकळी निघणारी जागा राखून ठेवावी, तेथपर्यंत येण्यासाठी साइड व्हीलच्या गाड्यांना आणि तीनचाकींना ठराविक वेळेत पास द्यावेत, आणि त्या जागेपुढे पथकांनी थांबून वाजवू नये, अशी आमची मागणी आहे. गेल्या बैठकीत जागेला तत्त्वतः होकार मिळाला आणि पासांचा विषय पुढे ढकलला गेला. पथकांनी न थांबण्याच्या मुद्द्यावर आमच्याच मंडळाच्या ढोल पथकाने सर्वांत आधी हरकत घेतली आहे, त्यामुळे पोलिसांकडे पुन्हा जाण्याआधी मला या रविवारी त्यांच्या सरावाच्या जागी जावे लागणार आहे.